पानशेत: पाऊस की मोरी?

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि पाठोपाठ खडकवासला धरण फुटले. पुण्यातील त्या पुरावरच्या लेखांत पाणी कुठवर चढले, जवानांनी वाळूची पोती कशी रचली, हे छान रंगवलेले असते. धरण का फुटले, हे मात्र ‘अतिवृष्टी’ म्हणून उरकतात. पाऊस होताच, पण मातीच्या धरणाचे काम अपुरे असतानाच पाणी साठले होते. तळाच्या मोरीची दारेही अपुरी. तिच्यातून वेगाने जाणाऱ्या पाण्यामुळे वरचा भराव खचला, मग पाणी माथ्यावरून गेले. १९७६ मध्ये अमेरिकेतील टेटन हे मातीचे धरण प्रथमच भरताना, आतून झिरपून फुटले. तिथेही मुख्य मोरी अपुरीच होती. हे साम्य एकाही पूरस्मृतीत मला आढळले नाही.