कशी जिरली!

मोबाईलच्या उभ्या पडद्यावर एक-दोन मिनिटांच्या भागांत चालणाऱ्या अद्भुत प्रेममालिकांचं कौतुक ऐकलं की आपले समीक्षक दोनच निष्कर्ष काढतात: प्रेक्षक भाबडा आहे, नाहीतर अद्भुत हा प्रकारच पोरकट आहे. दोन्ही चूक आहेत. ज्या मुलखात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते, त्या लोहा-अहमदपूर पट्ट्यातल्या माणसाला अद्भुत कुणी शिकवायला नको. खंडोबाच्या जागरणाला रात्र रात्र बसून वाघ्या-मुरळीच्या तोंडून खंडोबा-बाणूची कथा ऐकणारा हा श्रोता आहे. प्रश्न वेगळाच आहे: या नव्या मालिका त्याच्याकडून नेमकी कोणती दाद काढून घेतात? चिनी साच्यावर बेतलेल्या, लांडग्याचं रूप घेणाऱ्या नायकांच्या मालिका एका ओळीत बाजूला ठेवता येतील. त्यांत अद्भुत फक्त वेशभूषेपुरतं उरतं. विचार करण्याजोगा साचा एकच, ओळख लपवून गरिबासारखा राहणारा सामर्थ्यवान नायक. हाच साचा जागरणातही आहे.

सारीपाटात पत्नी म्हाळसेकडून हरलेला खंडोबा बारा वर्षं घराबाहेर पडतो, वेश पालटून बाणूच्या वाड्यावर चाकरीला राहतो. मेंढरं धुवायला सांगितली तर ती खडकावर आपटून मारतो, आणि लग्नाचं वचन मिळाल्यावर भंडारा टाकून जिवंत करतो. हा देव आहे हे पहिल्या गाण्यापासून सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून श्रोत्याचं लक्ष ‘पुढे काय’कडे नसतं, प्रत्यक्ष देव धनगराच्या पोरीची बोलणी कशी खातो, यात त्याची मजा असते. पुढे वाण्याची म्हाळसा आणि धनगराची बाणू भांडतात तेव्हा जातीपासून ताटातल्या अन्नापर्यंत सगळं निघतं, आणि ऐकणारा कुणाची तरी बाजू घेतो. छोट्या मालिकेत नायकाची गरिबी खोटी असते. तो राबत नाही, वाट पाहतो. त्याला हिणवणाऱ्यांचं तोंड बंद होण्याचा क्षण पुढच्या भागात असतो, तो भाग पैशाच्या कुलपाआड असतो, आणि बघणाऱ्याच्या तोंडून एकच शब्द निघतो: जिरली!

कोणी म्हणेल, जागरण ही उपासना आहे, तिची तुलना करमणुकीशी कशाला? मग ‘गाढवाचं लग्न’ हे वगनाट्य घ्या. शापाने कुंभाराचं गाढव झालेल्या गंधर्वाचं राजकन्येशी लग्न लागतं. त्यात उपासना कुठेच नाही, तरी दादू इंदुरीकरांनी रंगवलेल्या सावळ्या कुंभारावर लोक जीव टाकत होते, कारण गाढवाचा गंधर्व होण्याइतकंच कुंभाराचं राजाशी सोयरीक जुळवणं त्यांना महत्त्वाचं वाटत होतं. दुसरा आक्षेप थकव्याचा: दिवसभर राबलेल्या माणसाला दोन मिनिटांचा विसावा हवा. पण सोयाबीनच्या रानातून आलेला माणूसच पहाटेपर्यंत जागरणाला बसतो. उरतं तंत्र. रोज तुटणाऱ्या भागांत आणि जाहिरातींच्या गर्दीत खंडोबाची कथा मरेल असं म्हणावं, तर 2014 साली सुरू झालेली ‘जय मल्हार’ ही दूरचित्रवाणी मालिका समोर आहे. शेवट घरोघरी ठाऊक असूनही बाणू की म्हाळसा यावर घरं विभागली गेली. दोष भागाच्या लांबीत नाही. बघणाऱ्याची अपमान फेडण्याची भूक ओळखून ती विकणाऱ्या लेखनात आहे, आणि त्यासाठी प्रेक्षकाला दोष देणारी समीक्षा त्याच विक्रेत्याच्या बाजूने उभी राहते. मराठीत अशी मालिका करायचीच असेल तर पहिल्याच मिनिटात सांगून टाका की हा मल्हारी खंडोबा आहे. मग त्याला वाड्यावरचं शेण काढायला लावा, बाणूच्या शिव्या खाऊ द्या, आणि कुलूप त्यानंतर लावून बघा.