एक पेला : आशय आणि अभिव्यक्ती

मराठी समीक्षेने कादंबरी तपासली, नाटक तपासले, नवकविता तर इतकी तपासली की तपासता तपासता ती जुनी झाली. पण पेल्यात घातलेल्या आइस्क्रीमकडे एकाही मान्यवर समीक्षकाने वळून पाहिलेले नाही. कारण उघड आहे. समीक्षा लिहायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ आइस्क्रीम थांबत नाही. कवी थांबतो, बिचारा जन्मभर थांबतो. आइस्क्रीम पाच मिनिटांत पातळ होते.

मी पडलो बँकेतला कारकून, शिक्षण बी.कॉम. रसास्वादाचे प्रमाणपत्र माझ्याजवळ नाही. पण आत किती आले, बाहेर किती गेले आणि मधल्या मधे किती गळाले, हे पाहण्यालाच समीक्षा म्हणत असतील तर गेली वीस वर्षे मी दुसरे काही करीत नाही. तेव्हा हे काम मी अंगावर घेतो. परीक्षणासाठी आलेली कृती : घरी केलेला फळांचा आइस्क्रीम फ्लोट. लेखक : अनेक. प्रती : दर रविवारच्या पुरवणीत एक, आणि मोबाइलवर तर मागाल तितक्या. मूल्य : पुढे येईल.

प्रथम नावाविषयी. फ्लोट म्हणजे तरंगणारा पदार्थ. खाली फळे आणि सोडा किंवा सरबत, वर आइस्क्रीमचा गोळा. आता तरंगण्याची महती कोल्हापूरकराला नव्याने सांगायला नको. मिसळीवर कट तरंगतो, तांबड्या रश्श्यावर तवंग तरंगतो, आणि जे तरंगते त्यावरच आम्ही खालच्याची परीक्षा करतो. कट विरळ दिसला की माणूस चमचा न उचलता म्हणतो, ‘काय राव, आज दम नाही.’ फ्लोटची कल्पना आमच्या रक्तातली आहे. फक्त ती थंड करून घ्यायची बाकी होती.

ती थंड झाली अमेरिकेत. १८७४ साली फिलाडेल्फियात फ्रँकलिन इन्स्टिट्यूटचा पन्नाशीचा सोहळा होता. तिथे रॉबर्ट ग्रीन नावाचा गृहस्थ सोड्याचे दुकान लावून बसला होता. सोड्यात घालायची साय संपली म्हणून त्याने आइस्क्रीम घातले, अशी एक कथा. त्याने ते मुद्दाम ठरवून केले, अशी दुसरी. श्रेय आपलेच आहे असा दावा इतरांनीही केला. तेव्हा ग्रीनसाहेबांनी ‘आइस्क्रीम सोड्याचा जनक’ हे थेट आपल्या थडग्यावर कोरवून घेतले. वाङ्मयचौर्याच्या वादात इतका पक्का दस्तऐवज मराठीत कुणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आपल्याकडे या कुळातली थोरली पाती म्हणजे पुण्याची मस्तानी : घट्ट मिल्कशेक आणि वर आइस्क्रीमचा गोळा. बाजीरावांची मस्तानी १७४० साली गेली. बोस्टनकडचा बर्फ भरलेले पहिले जहाज कलकत्त्याला लागले १८३३ साली. म्हणजे जिच्या नावावर हा पेला खपतो, तिला त्याचा घोटही मिळाला नाही. पुण्याने तिला हयातीत जी वागणूक दिली ती पाहता, सदाशिव पेठेत आज तिच्या नावासाठी रांग लागते हा काव्यगत न्याय म्हणावा लागेल.

कोल्हापूरने मात्र आपला वेगळा संप्रदाय काढला. त्याचे नाव कॉकटेल. बाहेरगावचा पाहुणा इथे प्रथम दचकतो, कारण आमच्याकडे ‘आज कॉकटेल प्यायला जाऊ या’ असे नातू आजीला म्हणतो आणि आजी पदर सावरून निघतेसुद्धा. उंच पेला, त्यात फळांचे तुकडे, जेली, आइस्क्रीमचे दोन-तीन तऱ्हेचे गोळे, सुका मेवा आणि माथ्यावर लाल चेरी. या शहरात ‘सोळंकी’ म्हटले की पुढे कॉकटेल हा शब्द उच्चारावा लागत नाही. या पेल्यात कुस्ती असते. खालच्या फळाला वरचे आइस्क्रीम दाबत असते आणि मधून जेली निसटत असते. चमचा हा पंच. कोल्हापुरी घरात जो फ्लोट करतात तो या कॉकटेलला डोळ्यांसमोर ठेवून, आणि तिथेच त्याची तुलना सुरू होते.

आता आशय. पाककृतीत लिहिलेले असते, ‘मिश्र फळे, एक वाटी.’ ही वाटी आपण तपासू या. लाल चेरी म्हणून आपण जी कौतुकाने शेवटपर्यंत राखून ठेवतो, ती बहुतेक वेळा आपले करवंद असते. जाळीतले करवंद, बी काढून, पाकात मुरवून, लाल रंगवून. गगनबावड्याच्या घाटात पानाच्या द्रोणात मिळते तेव्हा आपण त्याचा भाव पाडून मागतो. तेच चेरीचा वेश करून आले की ताटलीत एकच वाढतो. टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई, तीही रंगवलेली. एवंच, कृतीतली परदेशी पात्रे मुळात इथलीच आहेत, फक्त नावे बदलून आली आहेत. त्यांनी खुशाल स्वतःच्या नावाने यावे. करवंदाला लाजण्यासारखे काहीही नाही.

ताज्या फळांत अननस हे खलपात्र. दिसायला देखणा, वासाला उमदा, आणि आत प्रथिने तोडणारे द्रव्य घेऊन बसलेला. ताजा अननस जिलेटिनच्या जेलीत घाला, जेली जन्मात घट्ट होणार नाही. दुधात वा आइस्क्रीममध्ये काही वेळ राहू द्या, कडवटपणा येतो. पपई आणि किवी त्याच टोळीतले. पाककृती लिहिणारे हे सांगत नाहीत आणि जेली बिघडली की घरात दोष लागतो तो करणारीच्या हाताला. ‘तुझी जेली काही जमत नाही हं,’ हे वाक्य किती घरांत कितीदा बोलले गेले असेल! वास्तविक उपाय सोपा आहे. अननस साखर घालून पाच-सात मिनिटे शिजवावा. उष्णतेने त्याची गुंडगिरी संपते. नाहीतर जेली चायना ग्रासची करावी. ती समुद्रशेवाळाची असते, तिच्यात प्रथिने नाहीत, म्हणून अननसाचे तिच्यापुढे काही चालत नाही.

हापूसविषयी माझे मत कडक आहे. पिकलेल्या हापूसवर सोडा ओतणे म्हणजे अल्लादियाखाँसाहेबांच्या बैठकीत कुणी शिट्टी फुंकण्यासारखे आहे, आणि खाँसाहेब ज्या गावात दरबारगायक होते त्या गावात तरी हे घडू नये. हापूसचा रस नुसता घ्यावा, वर फार तर आइस्क्रीम. सोडा लागतो तो द्राक्ष, डाळिंब, संत्रे असल्या मंडळींना; त्यांना बोलके करायला कुणीतरी फुसफुसणारे लागतेच. आंबट फळ आणि दूध एकत्र करू नये, हे चरकाने सांगितले आणि आमच्या आजीनेही. चरकाचे एक वेळ विसरता येते.

आता अभिव्यक्ती. आइस्क्रीम तरंगते का? तर त्यात हवा घोटलेली असते म्हणून. कुल्फीत ती नसते. कुल्फी जड, अंतर्मुख, तिला तरंगण्यात रस नाही. आइस्क्रीम लिटरवर विकतात यातले मर्म कॉमर्सच्या माणसाने ओळखावे. नियम असा की लिटरभर आइस्क्रीमचे वजन निदान ५२५ ग्रॅम भरले पाहिजे. म्हणजे जवळजवळ निम्मा डबा हवा भरली तरी कायदा समाधानी! अशी ठेव आमच्याकडे कुणी ठेवायला आणली असती तर आम्ही तिला दारातूनच परत पाठवली असती. पण फ्लोटमध्ये याच हवेचे सोने होते. सोड्यातला वायू आइस्क्रीमच्या खडबडीत अंगावर बुडबुडे धरतो, दुधातली प्रथिने त्या बुडबुड्यांना तोलून धरतात आणि तो मऊ, मिशीला लागणारा फेस तयार होतो. त्या फेसासाठीच हा सारा खटाटोप. म्हणून पेला पाऊणच भरावा, सोडा कडेने आणि हळू ओतावा. धसमुसळेपणा केला तर आशय टेबलावर आणि अभिव्यक्ती चादरीवर.

मनुका मात्र आवर्जून घालाव्यात. त्या तळाला जातात, अंगाला बुडबुडे चिकटले की वर येतात, वर बुडबुडे फुटले की पुन्हा खाली. ज्यांनी शेअरबाजारात पैसे घातले आहेत त्यांनी हे दृश्य पाहू नये.

पाककृतीच्या भाषेविषयी दोन शब्द. ‘आवडीप्रमाणे’, ‘अंदाजे’, ‘अलगद’, ‘हलक्या हाताने’. असा अर्ज कुणी कर्जासाठी आणला तर? ‘रक्कम आवडीप्रमाणे, मुदत अंदाजे, परतफेड हलक्या हाताने.’ खर्चाचा तर उल्लेखच नाही. दुकानातल्या पेल्यात अननसाच्या चार फोडी असतात आणि आपण चार फोडींचेच पैसे देतो. घरी अख्खा अननस आणावा लागतो, चेरीची अख्खी बरणी, सिरपची अख्खी बाटली. सहा पेले भरून संपले की मागे उरतो तो अखेरचा साठा. ती सिरपची बाटली फ्रिजच्या दारात वर्षभर तळाशी दोन बोटे उरून उभी असते. ना ती वापरता येते, ना निर्लेखित करता येते. ‘घरी केलेले स्वस्त पडते’ हे विधान मी तीन वेळा बेरीज करून तपासले. तिन्ही वेळा उत्तर एकच आले आणि ते घरात न सांगण्यासारखे आहे.

तरीही घरी करावे का? करावे. निदान डब्यावर ‘आइस्क्रीम’ लिहिले आहे की ‘फ्रोझन डेझर्ट’, हे तरी आपल्याला वाचता येते. आइस्क्रीम म्हणवून घ्यायला दहा टक्के दुधाची स्निग्धता लागते. दुसऱ्यात वनस्पती तेल असते. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून घेऊन पेला तोंडाला लावणाऱ्या गावाला एवढी चौकशी करण्याचा अधिकार आहे.

पण माझा खरा आक्षेप पाककृतीच्या शेवटच्या ओळीला आहे. सर्व पाककृतींची शेवटची ओळ एकच असते : ‘लगेच सर्व्ह करा.’ दिसायला निरुपद्रवी. पण कृती करून पाहा. माणसे सहा. पहिला पेला सासऱ्यांना, कारण मान त्यांचा. दुसरा पाहुण्यांना. तिसरा-चौथा पोरांना, कारण ती गप्प बसत नाहीत. पाचवा नवऱ्याला, कारण तो गप्प बसला तरी दिसतो. प्रत्येक पेल्याला गोळा काढा, सोडा ओता, फेस बसू द्या, पुन्हा ओता, वर करवंद ठेवा. सहावा पेला भरेपर्यंत पहिला रिकामा होऊन ‘अजून आहे का गं?’ अशी हाक येते. ती जाऊन येते, तोवर तिच्या पेल्यातला गोळा विरघळलेला, सोडा बसलेला, फेस नाही, बुडबुडा नाही. उरते ते गोडसर गुलाबी दूध. ते ती ओट्याशी उभ्याने पिऊन टाकते, भांडे रिकामे करायचे म्हणून. घरात सहा फ्लोट होतात. करणारीच्या वाट्याला फ्लोट कधीच येत नाही. ती ज्या पदार्थाची कर्ती, त्याची चव तिलाच ठाऊक नाही! आणि वर सगळे विचारतात, ‘दुकानातल्यासारखा का नाही लागत?’ तिने तो लागावा कसा हे कशावरून ठरवायचे?

जुन्या पॉटच्या आइस्क्रीमचे तसे नव्हते. लाकडी बादली, बर्फ आणि खडे मीठ. मिठाने बर्फ वितळता वितळता शून्याच्या खूप खाली उतरायचा. हँडल पाळीपाळीने सगळ्यांनी फिरवायचे, शेवटी जड झाले की काकांनी वर पोते टाकून बसायचे. तिथे सगळेच कर्ते, म्हणून सगळेच भोक्ते. झाकण उघडायचे तेव्हा आई आणि काकूही घोळक्यात असायच्या, चमचा हातात घेऊन. कृती अवघड होती, पण न्यायाची होती. फ्लोटची कृती सोपी आहे, आणि तिचा सगळा सोपेपणा एकाच माणसाच्या खांद्यावर उभा आहे.

म्हणून ती शेवटची ओळ मी दुरुस्त करतो. ‘फळे पेल्यांत आधीच भरून ठेवा. सोड्याच्या बाटल्या आणि आइस्क्रीमचा डबा टेबलावर मधोमध ठेवा. करणाऱ्या व्यक्तीने खुर्चीवर बसावे. ती बसल्याखेरीज डब्याचे झाकण उघडू नये. मग ज्याने त्याने आपापला गोळा घ्यावा व सोडा ओतावा.’ बँकेत हल्ली ग्राहक सगळी कामे स्वतःच करतो आणि तरी सेवा सुधारली असे म्हणतो. घरात हे जमायला हरकत नसावी. टेबलावर थोडे सांडेल. सांडू दे. पण सहाच्या सहा पेल्यांत फेस एकाच वेळी वर येईल, आणि ज्या बाईने अननस शिजवला तिच्याही मिशीच्या जागी तो लागेल.

एवढे लिहून मी हे परीक्षण सौ.ला वाचून दाखवले. पहिली वाचक तीच, आणि या विषयातली अधिकारी व्यक्तीही. तिने शेवटपर्यंत ऐकले. म्हणाली, ‘‘चांगलं आहे. पण अहो, ते उंच पेले. त्यांत हात जात नाही. तळाला जेली चिकटते. ते कोण धुणार ते कुठे लिहिलंय?’’

समीक्षेवरची इतकी नेमकी समीक्षा मी वाचलेली नाही. दुसऱ्या आवृत्तीत तो मजकूर घालण्यात येईल. तोवर पेले घासायचा लांब दांड्याचा ब्रश मी आणून ठेवला आहे, आणि तो कुणाच्या बाजूच्या खिळ्याला टांगायचा याचा निर्णय घरात झालेला आहे.