‘ह-स-ल’ या अरबी धातूचा मराठी अर्थविस्तार : एक चिकित्सा

दरेकसा (ता. सालेकसा, जि. गोंदिया) येथील धान उत्पादकाला जमिनीच्या कामासाठी सालेकसा येथील तहसील कार्यालयात जावे लागते. हे कार्यालय महसूल विभागाचे. ‘तहसील’ व ‘महसूल’ हे दोन्ही शब्द ‘ह-स-ल’ या एकाच अरबी धातूपासून सिद्ध झाले आहेत. ‘प्राप्त होणे, हाती येणे’ हा त्याचा मुख्य अर्थ होय. ‘हासिल’ म्हणजे प्राप्त झालेले, ‘महसूल’ म्हणजे प्राप्त केलेले, तर ‘तहसील’ म्हणजे मिळविण्याची वा गोळा करण्याची क्रिया. ‘यात काय हशील?’ या प्रश्नातील ‘हशील’ही त्याच कुळातील आहे.

मोल्सवर्थ यांच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) अरबी शब्दांना मूळ भाषेची खूण आहे. तथापि वर्णानुक्रमामुळे हे तीन शब्द तीन ठिकाणी विखुरतात व त्यांचे नाते वाचकाला दिसत नाही. याउलट ‘वसूल’ हा शब्द ‘महसूल’शी यमक जुळल्याने सगोत्र भासतो, परंतु त्याचा धातू ‘व-स-ल’ (पोहोचणे) हा सर्वस्वी वेगळा आहे. केवळ ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभारणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

अर्थबदल अधिक विचारार्ह आहे. अरबीत ‘महसूल’ म्हणजे प्रथमतः शेतातील पीक, आणि ‘तहसील’ म्हणजे ज्ञानार्जनही. फारसीमार्फत राज्यकारभारातून मराठीत येताना पिकाचा अर्थ गळाला आणि सरकारचा वाटा तेवढा उरला. कष्टकऱ्याच्या प्राप्तीचा शब्द शासनाच्या प्राप्तीचा झाला. प्राप्तीचा मूळ भाव ‘हशील’ने मात्र राखला.

‘राज्यव्यवहारकोश’ व विसाव्या शतकातील भाषाशुद्धीची चळवळ यांनी अशा शब्दांचा विचार प्रामुख्याने त्यांच्या उगमावरून केला. हा निकष अपुरा आहे. वनहक्क कायद्याने (२००६) वनग्रामांचे महसुली गावांत रूपांतर करून घेण्याचा हक्क मान्य केला. त्या संदर्भात ‘महसुली’ हे विशेषण करवसुलीपेक्षा गावाच्या मान्यतेचे द्योतक ठरते. सालेकसासारख्या वनव्याप्त तालुक्यात हा फरक केवळ कोशगत राहत नाही.

सारांश, शब्दाचे मूळ त्याचा प्रवास सांगते. त्याचे मोल मात्र तो कोणाच्या हाती काय देतो, यावरून ठरते. मराठी कोशरचनेत धातुनिहाय शब्दकुळांची नोंद झाल्यास या दोन्ही बाजू एकत्र अभ्यासता येतील.