शून्य घर कुणाकडे तोंड करून उभं आहे?

मंडळी, आजचा विषय ठरला तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं, की हिंगोलीत बसून पडक्या घरांच्या कलेवर काय बोलणार? ते तर न्यूयॉर्क-पॅरिसचं प्रकरण. आम्ही म्हटलं, पडक्या घरांवर बोलायला हिंगोलीपेक्षा बरी जागा शोधूनही सापडायची नाही. औंढ्याच्या बाजूला जा, सेनगाव-कळमनुरीकडे जा, वसमतकडे जा. गावात शिरलं की आधी गढी दिसते. तिची पांढरी माती दर पावसाळ्यात थोडी थोडी खाली येते आणि गाव ती उचलून माळवदावर टाकतं. गढीच्या खाली एखादा वाडा, त्याला कुलूप, आणि कुलपाच्या बाजूची भिंत पडलेली.

वाडा का पडतो, हे इथं बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सांगतो, कारण पुढं त्याचा उपयोग आहे. नमुना आठला सात नावं असतात. एक पुण्याला, एक नांदेडला, एकाचा पत्ताच नाही. विकायचं तर सगळ्यांच्या सह्या पाहिजेत, दुरुस्त करायचं तर पैसा कुणी घालायचा? मग माळवद गळतं, सर कुजतो, एक खण खाली बसतो. आणि मग एक दिवस जुन्या लाकडाचा व्यापारी येतो. तो भिंतीकडे बघत नाही. चौकट, दिंडी दरवाजा, कोरीव खांब, सागवानी तुळया एवढंच तो मोजतो आणि टेम्पोत घालून नेतो.

सेनगाव तालुक्यातल्या एका गावात आम्ही असाच एक वाडा पाहिला. दरवाजा चौकटीसकट गेलेला. उंबरा दगडाचा, म्हणून तेवढा राहिला. शेजारची भिंत इतकी पडलेली, की बैलगाडी सहज आत जावी. तरी त्या घरची म्हातारी त्या उंबऱ्यावरूनच आत गेली आणि बाहेर आली. आम्ही मात्र भिंतीतून गेलो, आणि नंतर फार ओशाळल्यासारखं झालं.

हे लाकूड जातं कुठं? काही हॉटेलांत जातं, काही शहरातल्या दिवाणखान्यांत, काही मुंबईच्या जुन्या बाजारांत. आणि त्या बाजारांतून थोडंसं कलेतही जातं. इथं आपल्या विषयाला सुरुवात होते.

सुदर्शन शेट्टी हे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकलं असेल. जन्म मंगळूरचा, १९६१ चा. वाढले मुंबईत, शिकले जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. २०१६ च्या कोची-मुझिरिस बिएनालेचं संयोजन त्यांच्याकडे होतं. त्यांचं ‘शून्य घर’ हे काम त्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मांडलं गेलं. पाडलेल्या जुन्या इमारतींमधून मिळालेलं लाकूड जोडून उभ्या केलेल्या वास्तू, आणि त्याच वास्तूंभोवती रचलेली एक फिल्म, असं त्याचं रूप आहे. नाव आलंय गोरखनाथांच्या निर्गुणी भजनावरून. तेच, कुमार गंधर्वांनी गायलेलं. ते बहुतेकांच्या कानात असेलच, म्हणून इथं म्हणून दाखवत नाही, आणि आमचा गळा पाहता ते बरंच आहे.

आता हे काम चांगलं आहे का? आहे. आधी ते कबूल करू. त्यातल्या वास्तू कुठल्याही एका घराच्या नाहीत. निरनिराळ्या घरांचं लाकूड एका सांगाड्यात आलंय. डोळ्याला ते वास्तू म्हणून पटतं, पण त्यात राहता येणार नाही. दार आहे, पण त्याला आत-बाहेर नाही. शेट्टींनी स्वतः कुणाचं घर पाडलेलं नाही, बाजारात येऊन पडलेलं लाकूड त्यांनी उचललं आणि त्याला पुन्हा उभं केलं. फिल्ममध्ये ओसाड, खडकाळ जागेत माणसं या वास्तूंमध्ये येतात, काही घडतं, माणसं जातात, वास्तू राहते. गोरखनाथांच्या भजनात देह हेच घर आहे आणि त्यात राहणारा कोण, हा प्रश्न आहे. शेट्टींनी तो प्रश्न लाकडात बसवला, ही साधी गोष्ट नाही.

पण आमची एक अडचण आहे. ती सांगण्यासाठी थोडं मागं, न्यूयॉर्कला जावं लागेल, कारण पडक्या घराचीच कला करणं ही चाल ज्या माणसामुळं रूढ झाली तो तिथला.

गॉर्डन मॅटा-क्लार्क. जन्म १९४३. वडील रोबेर्तो मॅटा हे चिलीचे मोठे सर्रिअलिस्ट चित्रकार. पोरगा कॉर्नेल विद्यापीठात वास्तुशास्त्र शिकला आणि एकही इमारत बांधली नाही, कापल्या मात्र बऱ्याच. ज्याला अवाँ-गार्द म्हणतात, म्हणजे फौजेच्या पुढं चालणारी तुकडी, त्यातला हा अस्सल शिलेदार. (हिंगोली निजामाच्या काळातली छावणी, तेव्हा हा शब्द इथं परका वाटू नये.)

१९७४ साली न्यू जर्सीतल्या एंगलवुड इथं त्याला पाडायला काढलेलं एक साधं, लाकडी, दुमजली घर मिळालं. मालक कलाव्यापारातले होते. मॅटा-क्लार्कनं चेनसॉ घेतली आणि घराला मधोमध, वरपासून खालपर्यंत, दोन समांतर काप दिले. मधली पट्टी काढून टाकली. मग घराचा अर्धा भाग जॅकवर उचलला, खालच्या पायाचे ठोकळे तिरके कापले आणि तो अर्धा भाग हळूहळू मागं कलता केला. मधल्या फटीतून वरून तळापर्यंत उजेड आला. या कामाचं नाव ‘स्प्लिटिंग’. काही महिन्यांत घर पाडलं गेलं. आज उरलेत फोटो, फिल्म, आणि छताचे कापून काढलेले चार कोपरे.

पुढच्याच वर्षी हडसन नदीवरच्या एका ओसाड धक्क्याच्या शेडमध्ये, कुणाचीही परवानगी न घेता, त्यानं पत्र्याच्या भिंतीत मोठी भोकं पाडली. शहराचं प्रशासन त्याच्यावर कारवाईला निघालं. त्याच वर्षी पॅरिसमध्ये, बांधकाम चाललेल्या पोंपिदू केंद्राच्या शेजारी, पाडायला काढलेल्या सतराव्या शतकातल्या दोन घरांतून त्यानं शंकूच्या आकाराचं भलं मोठं भगदाड पाडलं. रस्त्यावरून जाणाऱ्याला जुन्या घराच्या पोटातून आरपार दिसू लागलं. १९७८ मध्ये तो कर्करोगानं गेला, वय ३५.

त्याचं आम्हाला सगळ्यात आवडणारं काम मात्र कापण्याचं नाही. न्यूयॉर्क शहर लिलावात जमिनीचे निरुपयोगी तुकडे विकायचं. मोजणीच्या चुकांतून, नकाशांच्या घोळातून उरलेल्या चिंधड्या. काही तर दोन-तीन फूट रुंदीच्या लांबच लांब पट्ट्या. त्यानं असे १५ तुकडे २५ ते ७५ डॉलरला एक या भावानं घेतले. आपल्याकडे एवढ्या पट्टीवरून बांधाची भांडणं तीन पिढ्या चालतात आणि तालुक्याचे वकील त्यावर घर बांधतात. (हशा.) त्या माणसाला जमिनीच्या मालकीतला वेडेपणा बरोबर दिसला होता.

आता मुद्दा. ‘स्प्लिटिंग’च्या घरात आधी भाडेकरू राहत होते. त्यांना बाहेर काढलेलं होतं. त्यांचं काही सामान आतच पडून होतं. कापलेल्या घराच्या फोटोंवर जगभर पुस्तकं लिहिली गेली, पण त्या कुटुंबाचं नाव त्या कलेत कुठंही नाही. घर उघडं झालं, ते बघायला न्यूयॉर्कहून आलेल्या मंडळींसाठी. जे गेले त्यांच्याकडे त्या घराची पाठच राहिली. मॅटा-क्लार्क दुष्ट होता असं आमचं म्हणणं नाही. उलट बंद घरांबद्दल आणि गरिबांच्या वस्त्यांबद्दल त्याला कळकळ होती. पण कळकळ असणं आणि कामाचं तोंड कुणीकडे आहे हे दोन वेगळे प्रश्न.

तोंड कुणीकडे, हा प्रश्न आम्ही तिकडच्या समीक्षेतून आणलेला नाही, औंढ्यातून आणलाय. आपल्या जिल्ह्यातल्या पोरालाही ही गोष्ट ठाऊक असते. नामदेव नरसीचे, जातीनं शिंपी. औंढा नागनाथाच्या देवळापुढं कीर्तन करत होते, तर त्यांना उठवून मागं पाठवलं. ते मागं जाऊन बसले, कीर्तन चालू ठेवलं, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. खूण म्हणून लोक मागचा नंदी दाखवतात. गुरू ग्रंथसाहिबातल्या नामदेवांच्या पदांतही देऊळ फिरल्याचं येतं, म्हणजे गोष्ट पंजाबपर्यंत पोचली. इतिहास म्हणून ती कुणी मानो न मानो. हाकललेल्या माणसाकडे वास्तूनं वळावं, ही कल्पना इथल्या लोकांना सुचली आणि त्यांनी ती सात शतकं जपली.

ते देऊळही बघण्यासारखंच आहे. खालचा भाग जुना, दगडी, शिल्पांनी भरलेला. वरचं शिखर नंतरचं, विटा-चुन्याचं. जोड लपवायचा कुणी फारसा प्रयत्न केलेला नाही.

आणि गंमत बघा, नामदेवांचे गुरू विसोबा खेचर, त्यांची भेट याच औंढ्यातली, आणि त्यांची परंपरा नाथांची. म्हणजे गोरखनाथांचं शून्य आपल्याला मुंबईच्या गॅलरीतून शिकायला नको, ते इथं आधीच येऊन गेलंय. पण इथं येताना ते माणसाला सोबत घेऊन आलं. गुरूनं शिकवलं की देव सगळीकडे आहे, आणि त्याच औंढ्यानं सांगितलं की मागं बसवलेल्याकडेही आहे.

‘शून्य घर’बद्दल आमची तक्रार नेमकी ही आहे. त्यात गोरखनाथांचं अर्धं येतं. घर रिकामं आहे, देह रिकामा आहे, कबूल. पण हे लाकूड ज्या उंबऱ्यावरून उचललं गेलं तिथं रिकामपण काही अध्यात्मातून आलेलं नाही. ते वाटणीतून, ऊसतोडीतून, पाण्याच्या दुष्काळातून आलंय. शेट्टींच्या वास्तूत खांबाला गाव नाही. बाजारानं ते पुसलं हे खरं, पण कलावंतानं ते पुसलेलंच स्वीकारलं आणि त्या पुसटपणालाच वैराग्याचा रंग दिला. सुतारकाम अप्रतिम आहे. पण सेनगावची ती म्हातारी त्या प्रदर्शनात गेली तर तिनं कुठल्या दारातून शिरायचं?

कुणी म्हणेल, कलेनं पत्ता लिहायचा का प्रत्येक फळीवर? नाही. पण दुसरी वाट असते, याचं एक उदाहरण देतो. शिकागोच्या दक्षिण भागात थिएस्टर गेट्स नावाचा कृष्णवर्णीय कलावंत आहे. त्याच्याच भागातली १९२३ मधली एक बँकेची इमारत ओस पडली होती. त्यानं ती शहराकडून एका डॉलरला घेतली. तिचेच संगमरवरी तुकडे कापले, त्यांवर रोखे म्हणून मजकूर कोरला आणि ते पाच हजार डॉलरला एक असे कलासंग्राहकांना विकले. त्या पैशातून इमारत दुरुस्त करायला घेतली आणि २०१५ मध्ये उघडली. आत कृष्णवर्णीयांच्या मासिकांचा, पुस्तकांचा, ध्वनिमुद्रिकांचा साठा, आणि वस्तीतल्या लोकांना मोकळा प्रवेश. यातही चतुराई आहे, कलाबाजाराशी सलगी आहे, ते आम्हाला दिसतं. पण तुकडा बाहेर गेला तेव्हा पैसा मागं आला, आणि इमारतीचं तोंड वस्तीकडे राहिलं.

हिंगोलीतून गेलेल्या एका तरी चौकटीच्या बदल्यात गावात काय आलं, असा प्रश्न आता ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी विचारणार, हे आम्हाला माहीत आहे. टेम्पोवाल्यानं दिलेले पैसे सात वारसांत वाटले गेले, एवढंच त्या वाड्याबाबत आम्हाला कळलं. बाकीचं तुम्ही तुमच्या गावचं सांगा, प्रश्न घेऊ.