गुण पदार्थाचा की नळीचा?

शर्यतीची सायकल अॅल्युमिनियमची घ्यावी की कार्बन तंतूंची, यावरच्या खरेदी-मार्गदर्शक लेखांत दोन विधाने हमखास सापडतात. अॅल्युमिनियम ताठ असल्याने रस्त्याचे हादरे अंगापर्यंत पोचवते. कार्बन ते शोषून घेतो. किमतीतला मोठा फरक या विधानांच्या जोरावर पटवला जातो, म्हणून ती तपासायला हवीत.

पहिले विधान आकड्यांपुढे टिकत नाही. पोलादाचा यंग गुणांक सुमारे २०० अब्ज पास्कल, तर अॅल्युमिनियमचा ७०. म्हणजे अॅल्युमिनियम पोलादाच्या जेमतेम एक-तृतीयांश ताठ! मग त्याची फ्रेम ताठ का लागते? उत्तर नळीच्या आकारात आहे. पातळ भिंतीच्या नळीचे वजन तेवढेच ठेवून व्यास दुप्पट केला, तर वाकण्याला तिचा होणारा विरोध सुमारे चौपट होतो. १९८०च्या दशकात व्हितुस ९७९ ही बारीक नळ्यांची फ्रेंच सायकल लवचीक म्हणून ओळखली जाई. त्याच दशकात जाड नळ्यांची अमेरिकन कॅननडेल ताठपणासाठी प्रसिद्ध झाली. दोन्ही अॅल्युमिनियमच्याच.

दुसरे विधान अर्धसत्य आहे. कार्बन तंतू लांबीच्या दिशेने अतिशय ताठ असतात. आडव्या दिशेने भार मुख्यतः राळेवर पडतो. थर कोणत्या दिशेने लावायचे हे ठरवता येत असल्याने पायडलपाशी ताठ आणि सीटखाली किंचित लवचीक अशी फ्रेम बनवता येते. हा कार्बनचा खरा मोठेपणा. पण तो रचनेचा आहे, नुसत्या पदार्थाचा नव्हे. शिवाय हादऱ्याने फ्रेमपेक्षा टायर कितीतरी जास्त दबतो. २३ ऐवजी २८ मिलिमीटर रुंदीचा टायर आणि थोडी कमी हवा, हा उपाय बराच स्वस्त आहे.

राहिले वजन. स्वार व सायकल मिळून ८० किलो धरू. फ्रेम अर्धा किलो हलकी झाली, तर फरक ०.६ टक्के. तासाभराच्या खड्या चढावर सुमारे वीस सेकंद वाचतील. सपाट रस्त्यावर मुख्य अडथळा हवेचा, तिथे जवळजवळ काहीच नाही. शर्यतपटूला वीस सेकंद मोलाचे, पण मार्को पंतानीने १९९८ची टूर द फ्रान्स अॅल्युमिनियमच्या सायकलवरच जिंकली होती.

या लेखांत बहुधा राहून जाते ते नुकसानीबद्दल. अॅल्युमिनियमला आपटल्यावर पोचा पडतो, तो दिसतो. कार्बनचे थर आतून सुटले, तर बाहेरून कळेलच असे नाही. अॅल्युमिनियमही निर्दोष नाही. लहान ताण वारंवार बसूनही त्याला अखेर तडा जाऊ शकतो.

शर्यतीत न उतरणाऱ्याने चांगली अॅल्युमिनियमची सायकल घेऊन उरलेले पैसे टायरवर खर्च करावेत, हे माझे मत. वर्गात मात्र एक कोरा कागद पुरेल. तो एका टोकाला धरा, वाकेल. नळी करून धरा, ताठ राहील. ‘कागद ताठ की लवचीक?’ असे मुलांना विचारा. प्रश्नच अपुरा आहे, हे त्यांच्या लगेच ध्यानात येईल.