सांगितल्यानंतरची रात्र

मीरा नायर यांच्या ‘मान्सून वेडिंग’ला २००१ साली व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंह मिळाला. कौतुक झालं ते बहुतेक लग्नातल्या रंगांचं, गाण्यांचं, झेंडूच्या फुलांचं. मला या चित्रपटाचा कणा वेगळाच दिसतो. दिल्लीच्या वर्मा कुटुंबात वडिलांवाचून वाढलेली रिया आहे. तेज हा घरचा श्रीमंत जावई. तिच्या अमेरिकेतल्या शिक्षणाचा खर्च उचलायला तोच पुढे आलेला. याच तेजने ती लहान असताना तिच्यावर अत्याचार केलेला असतो. तो छोट्या आलियाला रात्री गाडीतून न्यायला निघतो, तेव्हा रिया गाडी अडवते नि सगळ्यांदेखत बोलते.

आपल्याकडच्या पुष्कळ कथा इथेच थांबतात. पीडित बोलली की गोष्ट संपली! सबरीना धवन यांची पटकथा मात्र त्यानंतरची रात्र दाखवते. रियाचा काका ललित तिला खोटं ठरवत नाही, पण लगेच काही करतही नाही. तेजचे उपकार, बहिणीचा संसार, दारात आलेलं लग्न, सगळं त्याच्या मानेवर बसलेलं असतं. नसीरुद्दीन शाह यांनी ही घालमेल फार थोड्या शब्दांत उभी केली आहे. शेवटी दिवंगत भावाच्या तसबिरीपुढे तो तेजला निघून जायला सांगतो. त्यात भाषणबाजी नाही, म्हणून ते खरं वाटतं.

आमच्या लोहारद्यात कुणाचं लग्न कुणाच्या पैशावर उभं राहिलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून ललितचं ते गप्प बसणं मला परकं वाटत नाही. अशा वेळी घरातली वडीलधारी माणसं ‘जाऊ दे, माफ कर’ म्हणतात. आम्ही जैन क्षमावाणीला हात जोडतो ते आपल्या चुकांसाठी. ज्या मुलाचा काही दोषच नाही, त्याच्याकडून माफी वसूल करायची, ही कुठली क्षमा? ती तर घराची सोय झाली.

चित्रपटाबद्दल माझी तक्रार एकच आहे. तेज गेला, लग्न लागलं, पाऊस पडला, आलियाचं काय? तिच्याशी पुढे कोण बोललं, तिच्या झोपेची, तिच्या भीतीची विचारपूस कुणी केली? पटकथा रियाला न्याय देते नि आलियाला वरातीच्या गर्दीत सोडून देते.

ते काम त्या काळी कायद्यानेही पुरतं ओळखलं नव्हतं. पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हवा तिथे घ्यावा, पोलिसाच्या अंगावर वर्दी नसावी, मुलाला रात्री ठाण्यात ठेवू नये, असं त्यात आहे. २०२० च्या नियमांनी बालकल्याण समितीला मुलासोबत उभी राहणारी आधार-व्यक्ती नेमता येते. तातडीच्या गरजांसाठी, म्हणजे अन्न, कपडे, येण्याजाण्याचा खर्च, यासाठी मदतीची शिफारसही करता येते. तेजसारख्याच्या पैशावर जगणाऱ्या घराला ही शेवटची तरतूद किती मोठी आहे, हे आपण बायकांना सांगायला नको.

पण कागद नि ठाणं यांत अंतर असतं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात शाळेतल्या दोन चिमुकल्या मुलींच्या पालकांना तक्रार नोंदवायला तासन्‌तास ताटकळावं लागलं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मुलींनी घरी सांगितलं होतं, घरच्यांनी विश्वासही ठेवला होता. कमी पडली ती पुढची माणसं.

म्हणून हा चित्रपट मुलांच्या आयांनी-आज्यांनी जरूर पाहावा. रियाचं धाडस पाहाच, पण नजर ललितवर ठेवा, कारण आपल्या वाट्याला येईल ती बहुधा त्याचीच जागा. आणि तेज गेल्यावर आलियाजवळ जाऊन बसायचं काम चित्रपटाने आपल्यासाठी शिल्लक ठेवलंय.