मॉर्फीनं घोडा दिला, मी का दिला?

आजचा विषय बुद्धिबळाचा आहे, पण मी त्या खेळाचा जाणकार नाही. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर हौस म्हणून पट मांडला, एवढीच माझी पात्रता. हौशी माणूस पुस्तकातले डाव लावून शिकतो, तेव्हा तो नेमकं काय शिकतो? आज त्याची थोडी चिकित्सा करू.

सुरुवात माझ्या फजितीपासून. काही वर्षांपूर्वी एका स्थानिक स्पर्धेत माझ्यासमोर अकरा-बारा वर्षांचा मुलगा बसला होता. दहाएक खेळ्या झाल्या आणि पटावरची मांडणी मला ओळखीची वाटली. वजिराच्या बाजूला त्यानं प्यादं पुढे सरकवलं होतं, माझा घोडा त्यावर टपलेला. मी झटकन घोडा दिला. दोन प्यादी मिळाली, पण पुढे काहीच घडलं नाही आणि मी सावकाश हरलो. डाव संपल्यावर पोरानं विचारलं, ‘आजोबा, घोडा का दिलात?’ मी म्हणालो, ‘मॉर्फीनं दिला होता.’ तो म्हणाला, ‘पण माझं कॅसलिंग झालं होतं ना!’

मला उत्तर सुचलं नाही.

मॉर्फीचा तो डाव तुमच्यापैकी अनेकांना पाठ असेल. १८५८ साली, पॅरिसच्या ऑपेरात, एकवीस वर्षांच्या पॉल मॉर्फीसमोर ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर हे दोघं मिळून खेळले. सतरा खेळ्यांत मात. काळ्यानं तिसऱ्याच खेळीला उंट बाहेर काढला आणि लगेच तो घोड्यासाठी देऊन टाकावा लागला. नवव्या खेळीला त्यानं वजिराच्या बाजूचं प्यादं दोन घरं ढकललं. मॉर्फीनं त्यावर घोडा दिला, मग हत्ती, शेवटी वजीरही दिला, आणि उरलेल्या एका हत्तीनं व एका उंटानं मात केली. त्या क्षणी काळ्याचा राजाच्या बाजूचा उंट आणि हत्ती मूळ घरातून हललेलेही नव्हते. राजा मधोमध उघडा होता.

म्हणजे मात घोडा दिल्यामुळे झाली नाही. राजा उघडा आणि निम्मं सैन्य झोपलेलं, म्हणून घोडा देता आला. आपल्या न्यायशास्त्रात हेत्वाभासांचा एक प्रकार आहे, सव्यभिचार. जो हेतू साध्य असतं तिथेही सापडतो आणि नसतं तिथेही सापडतो, तो काहीच सिद्ध करत नाही. घोड्याचं बलिदान असाच हेतू आहे. ही गोष्ट मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवली, आणि पटावर बसल्यावर स्वतःच विसरलो!

आता दोष फक्त माझा का? पुस्तकांचाही थोडा आहे. आयर्विंग चेर्नेव्हचं ‘लॉजिकल चेस: मूव्ह बाय मूव्ह’ हे १९५७ सालचं पुस्तक घ्या. तेहतीस डाव, आणि प्रत्येक खेळीवर भाष्य. नवशिक्याला याहून प्रेमळ शिक्षक मिळणं कठीण. मीही त्यांचा ऋणी आहे. पण त्यात जिंकणाऱ्याची जवळजवळ प्रत्येक खेळी तर्कशुद्ध ठरते. निकाल आधी माहीत असतो आणि कारणं मागून येतात.

ऑपेराच्या डावाचंही असंच झालंय. आठव्या खेळीला मॉर्फीला एक प्यादं फुकट मिळत होतं. त्यानं ते न घेता घोडा बाहेर काढला. यावरून ‘प्यादी वेचू नका, मोहरे बाहेर काढा’ असा धडा दिला जातो. धडा चांगलाच आहे, पण या जागी तो पुरता लागू पडत नाही. प्यादं घेतलं असतं तर वजिरांची मारामारी होऊन मॉर्फी एका प्याद्यानं वरचढ राहिला असता. तोही विजयाकडे जाणारा रस्ताच होता. त्यानं निवडला तो सुंदर रस्ता. त्याच्या आवडीचा आपण नियम करून टाकला.

मग दुसऱ्या टोकाला जाऊ. १९५३ची झुरिकची कँडिडेट्स स्पर्धा. पंधरा खेळाडू, दोनशे दहा डाव. स्मिस्लोव्ह पहिला आला. ब्रॉन्स्टाइन, केरेस आणि रेशेव्हस्की यांनी दुसरा क्रमांक वाटून घेतला. ब्रॉन्स्टाइननं या सगळ्या डावांवर पुस्तक लिहिलं. लिहिणारा स्वतः तिथे लढलेला, काही डाव हरलेला. त्यामुळे हरणाऱ्याच्या डोक्यात काय चाललं होतं, हेही त्याला सांगावंसं वाटतं.

त्यातला रेशेव्हस्की विरुद्ध पेट्रोस्यान हा डाव बघा. रेशेव्हस्कीची मधली प्यादी चालून येणार, हे दिसत होतं. पंचविसाव्या खेळीला पेट्रोस्याननं हत्ती अशा घरात ठेवला की उंटानं तो खुशाल मारावा. कशासाठी? मातेसाठी नाही, शहासाठीही नाही. आपल्या घोड्याला मध्यावर एक पक्कं घर मिळावं आणि ती प्यादी थोपावीत, एवढ्यासाठी. रेशेव्हस्कीनं सत्ताविसाव्या खेळीला हत्ती मारला, घोडा त्या घरात जाऊन बसला, आणि एक्केचाळिसाव्या खेळीला डाव बरोबरीत सुटला. बरोबरी! छोट्या डावांच्या संग्रहात या डावाला जागाच नाही. पण वाईट परिस्थितीत काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं, हे मला याच डावानं शिकवलं.

म्हणून कोणी झुरिकच पाठ करायला घेऊ नये. आमच्यासारख्याचा त्यात जीव गुदमरतो. तिथे चुका इतक्या बारीक असतात की आपल्याला त्या दिसतच नाहीत. आपल्या डावांत दोघंही दर चार खेळ्यांना घोडचूक करतात. छोटा डाव चुकीची किंमत दाखवतो. स्पर्धेतला डाव समोरचा चुकत नसेल तर काय करायचं ते दाखवतो. दोन्ही हवेत, पण एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेऊ नये.

मी आता एक साधी गोष्ट करतो. छोटा डाव लावताना हरणाऱ्याच्या बाजूला बसतो. ऑपेराच्या डावात ड्यूक होतो. नवव्या खेळीला थांबतो, प्यादं ढकलत नाही, आणि अजून काय करता येईल ते शोधतो. बहुतेक वेळा डाव वाचत नाही, पण लांबतो. त्या लांबलेल्या खेळ्यांत मी जे शिकतो, ते मॉर्फी होऊन कधी शिकलो नाही.

खरं सांगायचं तर आपण मॉर्फी नव्हेच, आपण ड्यूकच. ते मान्य करायला मला सत्तरी गाठावी लागली, आणि तेही एका पोरानं विचारल्यावर. थांबतो.